'आमचे' या शब्दाचा अर्थ : विकल्या गेलेल्या चित्रशाळा आणि चाहत्यांचा प्रतिसाद

१

एखादी बलाढ्य मनोरंजन कंपनी एखादी अ‍ॅनिमेशन चित्रशाळा विकत घेते, तेव्हा तो व्यवहार कायद्याच्या दृष्टीने दोन भागधारक-समूहांमधला असतो. त्यात प्रेक्षक हा पक्षकार नसतो. त्याचे भांडवल गुंतलेले नसते, त्याची संमती मागितलेली नसते. तरीही व्यवहाराची वार्ता येताच सर्वांत मोठा आवाज त्याचाच उठतो, आणि त्या आवाजाचा मध्यवर्ती शब्द 'आमचे' हा असतो : आमची चित्रशाळा, आमची पात्रे, आमचे चित्रपट. प्रस्तुत लेखात या 'आमचे'चा अर्थ तपासायचा आहे.

या प्रतिसादाची दोन स्पष्टीकरणे समीक्षेत रूढ आहेत. पहिले अ‍ॅडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या 'संस्कृति-उद्योग' या संकल्पनेतून येते. त्यानुसार चाहता हा उद्योगाचेच उत्पादन असून, एका कंपनीविषयीची निष्ठा दुसऱ्या कंपनीविरुद्ध उगारणे म्हणजे त्याच्या परात्मतेचा पुरावा होय. दुसरे स्पष्टीकरण वाचककेंद्री समीक्षेच्या विस्तारातून येते. त्यानुसार चाहते हा अर्थनिर्णय करणारा समुदाय असून त्यांचा निषेध हा भांडवलाला केलेला प्रतिरोध ठरतो. पहिली भूमिका चाहत्याला काहीच कळत नाही असे मानते, तर दुसरी त्याला जे कळते त्यालाच राजकारण समजते. दोन्ही भूमिका 'आमचे' हा शब्द मालकीवाचक आहे असे गृहीत धरून चालतात. माझ्या मते चूक या गृहीतातच आहे.

मराठी समीक्षेने हा प्रश्न फारसा हाताळलेला नाही, याला एक भाषिक कारण आहे. आपल्याकडे 'रसिक' हा प्रतिष्ठित शब्द आहे, 'भक्त' हा पवित्र (आणि अलीकडे उपहासाचाही) शब्द आहे. 'चाहता' मात्र या दोहोंच्या मध्ये, चित्रपट-साप्ताहिकांच्या पानांवर राहिला. रसिकाच्या अनुभवाचा विचार सौंदर्यशास्त्राने केला, भक्ताचा संतसाहित्याच्या अभ्यासाने. चाहत्याचा विचार कोणाच्याच वाट्याला आला नाही.

२

परंतु या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे आहे, आणि तो भारतीय चित्रपटाच्या आरंभापर्यंत जातो. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपून चित्रित केली होती. हा चित्रपट्टिकेचा तुकडा कर्ज देऊ शकणाऱ्यांना दाखवण्यासाठी होता. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी निर्जीव काड्यांना हालचाल दिली. म्हणजे चौकटीमागून चौकट रचून अचेतनाला सचेत करण्याचे तंत्र आपल्याकडे अवतरले तेच सावकाराच्या साक्षीने. कला आणि भांडवल यांचा संबंध येथे मागाहून जडलेला नाही.

१९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि फाळक्यांची स्वतःची चित्रशाळा तिच्यात विलीन झाली. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे याच काळातले. भागीदारांशी मतभेद झाल्यावर फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. 'संदेश'कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांना परत येण्याची गळ घातली, तेव्हा चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत अशा आशयाचे उत्तर फाळक्यांनी पाठवले. कोल्हटकरांनी ते छापले. त्यावर वाचकांची पत्रे आली, ती सर्व फाळक्यांकडे पाठवण्यात आली, आणि फाळके नाशिकला परतले.

मराठी चाहत्यांच्या प्रतिसादाचा हा कदाचित सर्वांत बोलका आरंभीचा प्रसंग असेल. त्यातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. वाचकांनी पत्रे लिहिली ती भागीदारांना नव्हे, तर कर्त्याला. त्यांची मागणी कंपनी कोणाची असावी याविषयी नव्हती. चित्रे कोणी काढावीत याविषयी होती. दुसरी गोष्ट पुढे काय झाले ही. फाळके १९२२ मध्ये हिंदुस्थान कंपनीत पुन्हा रुजू झाले, ते निर्मितिप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून. पत्रांनी माणूस परत आणला, मालकी परत आणली नाही. चाहत्याच्या सामर्थ्याची व्याप्ती आणि मर्यादा या एकाच घटनेत एकत्र दिसतात.

३

या पार्श्वभूमीवर अलीकडचे व्यवहार पाहू. २४ जानेवारी २००६ रोजी डिस्नेने पिक्सार विकत घेत असल्याचे जाहीर केले. किंमत सुमारे ७.४ अब्ज डॉलर, समभागांच्या रूपात. 'टॉय स्टोरी'पासून (१९९५) पिक्सारवर प्रेम करणाऱ्यांना भीती वाटली ती एवढीच, की आता यशस्वी चित्रपटांचे उत्तरभाग यंत्रवत निघू लागतील. भीती निराधार नव्हती. दोन्ही कंपन्यांमध्ये वितुष्ट आले असताना डिस्नेने पिक्सारला वगळून 'टॉय स्टोरी'चा तिसरा भाग करण्यासाठी 'सर्कल सेव्हन' ही वेगळी चित्रशाळा उभी केलेली होती. गंमत अशी की विक्रीनंतर बंद पडली ती ही 'सर्कल सेव्हन'. पिक्सारच्या एड कॅटमल यांच्याकडे दोन्ही चित्रशाळांचे अध्यक्षपद आले, जॉन लॅसेटर यांच्याकडे सर्जनाची सूत्रे गेली, आणि तिसरा भाग २०१० मध्ये पिक्सारनेच केला. म्हणजे चाहत्यांना ज्याचे भय होते ते विक्रीमुळे तात्पुरते टळले. पुढे उत्तरभागांची रांग लागलीच, हेही खरे. 'टॉय स्टोरी'चा चौथा भाग २०१९ मध्ये आला.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. 'आइस एज' (२००२) करणारी ब्लू स्काय ही चित्रशाळा २०१९ मध्ये फॉक्सबरोबर डिस्नेकडे गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये बंद झाली. 'निमोना' हा तिचा चित्रपट बराच पुढे गेलेला असताना थांबला. तो वाचवावा अशी मागणी चाहत्यांनी केली. अखेर तो २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, आणि त्याचे अ‍ॅनिमेशन डीएनईजीने केले. या कंपनीची सूत्रे २०१४ पासून मुंबईच्या प्राइम फोकसकडे होती. म्हणजे एका खरेदीने मारलेला चित्रपट जगला तो दुसऱ्या एका खरेदीतून मोठ्या झालेल्या घरात. 'भांडवल कलेचा घात करते' हे विधान येथे खोटे ठरत नाही, पण अपुरे ठरते.

आपल्या घरातली मुले याच नाट्यातून अजाणता गेली आहेत. २००४ मध्ये यूटीव्हीने सुरू केलेली 'हंगामा' वाहिनी २००६ मध्ये डिस्नेने घेतली. २०१२ मध्ये यूटीव्हीच डिस्नेकडे गेली. २०२४ च्या नोव्हेंबरात डिस्नेचा भारतीय दूरचित्रवाणी-व्यवसाय रिलायन्सच्या व्हायाकॉम-१८ बरोबर एकत्र झाला. जपानी पात्रे हिंदीतून ऐकत वाढलेल्या मराठी मुलाला मालक कोण हे एकदाही ठाऊक नव्हते. मालकीचे भान येते ते मालक बदलल्यावर, आणि बहुधा मोठे झाल्यावर. हा तपशील सिद्धांताच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

४

तो महत्त्वाचा यासाठी, की आस्वादाच्या क्षणी मालकीचे भान नसणे हे अज्ञान नसून आस्वादाचे लक्षण आहे. भट्टनायकाने मांडलेला आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने स्वीकारलेला साधारणीकरणाचा विचार येथे उपयोगी पडतो. त्यानुसार रसानुभवात भाव 'माझा' म्हणून येत नाही, 'शत्रूचा' म्हणून येत नाही आणि 'तिऱ्हाइताचा' म्हणूनही येत नाही. विशिष्ट व्यक्तीशी असलेला संबंध स्वीकारलाही जात नाही आणि नाकारलाही जात नाही. तो प्रश्नच तेवढ्यापुरता उपस्थित होत नाही. पडद्यावरच्या खेळण्याचे दुःख पाहणारे मूल ते खेळणे कोणाचे हे विचारत नाही. कथेतल्या मालकाविषयीही नाही आणि कथेच्या मालकाविषयीही नाही.

विक्रीची वार्ता नेमका हाच संबंध पुन्हा उपस्थित करते. जे साधारण झाले होते ते पुन्हा विशेष होते : हे पात्र अमुक कंपनीचे, किंमत अमुक. चाहत्याच्या तोंडी त्या क्षणी येणारा 'आमचे' हा शब्द म्हणूनच मालकीचा प्रतिदावा नव्हे. कोणाचेच नव्हते ते कोणाचे तरी ठरवले जात आहे, याविषयीची ती तक्रार आहे. भाषेत 'कोणाचेच नाही' असे प्रेमाने म्हणण्याची सोय नाही, म्हणून तो 'आमचे' म्हणतो. व्याकरण षष्ठीचे आहे, पण अर्थ स्वामित्वाचा नाही.

मराठी रंगभूमीने हा अर्थ फार पूर्वी ओळखला होता. प्रेक्षकांना 'रसिक मायबाप' म्हणण्याची तिची रीत नुसत्या नम्रतेची नव्हती. आईबापांचा मुलावर अधिकार असतो, पण तो विकण्याचा अधिकार नसतो. स्वामित्वाशिवायचा हक्क या नात्यात बरोबर पकडला गेला आहे. कायदा इतका सूक्ष्म नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाला हक्क विकल्यानंतरही कृतीच्या विकृतीला हरकत घेऊ देते. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरील चित्रपटाबाबत याच कलमाचा आधार घेतला होता. मात्र अ‍ॅनिमेशनपट शेकडो पगारी हातांनी घडतो आणि त्याचा पहिला मालक सामान्यतः नियोक्ता असतो. फूकोने सांगितलेले लेखकाचे कार्य येथे बोधचिन्हाकडे गेलेले असते. 'संदेश'च्या वाचकांना पत्र पाठवायला एक फाळके होते. आजच्या चाहत्यासमोर फक्त बोधचिन्ह आहे. त्याचा आवाज चढतो त्याचे हे एक कारण आहे.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. चाहते पुष्कळदा प्रत्यक्षात मालकासारखेच वागतात. नव्या दिग्दर्शकाला हिणवणे, नव्या प्रेक्षकाला उपरा ठरवणे, बालपणी पाहिले तेच पुन्हा मागणे हे सर्व 'आमचे'च्याच नावाने चालते. येथे साधारणीकरण कोठे आहे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एका निकषाची गरज आहे. ज्या निषेधाने कृती सर्वांना खुली राहते तो रसिकाचा. ज्याने कृतीभोवती नवे कुंपण पडते तो मालकाचा, मग बोलणाऱ्याच्या खिशात एकही समभाग नसो. 'निमोना'ची मागणी पहिल्या प्रकारची होती. गोष्ट सांगितली जावी एवढेच तिचे म्हणणे होते, आणि ब्लू स्काय पुन्हा उभी न राहताही ते पूर्ण झाले.

आमच्या सिंधुदुर्गातील दोन परंपरा हा निकष अधिक स्पष्ट करतात. दशावतारी मंडळाला आम्ही 'कंपनी'च म्हणतो, आणि पार्सेकर, मोचेमाडकर, चेंदवणकर, आजगावकर, खानोलकर या कंपन्या आडनावांनी ओळखल्या जातात. म्हणजे मालकी उघड आहे. नट एक कंपनी सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा त्याचे चाहते हळहळतात, वाद घालतात, आणि जत्रेत त्याच्या नव्या कंपनीचे नाटक पाहायला जातात. पण संकासुर कोणत्याच कंपनीचा नसतो. संवाद बहुतांशी रंगमंचावर उत्स्फूर्त घडतात. विकता येईल अशी लिखित संहिताच नसते. पेटारा विकता येतो, संकासुर विकता येत नाही.

पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथीचे उदाहरण याहून बोचरे आहे. क्रमाने दाखवायची चित्रे आणि सोबत वाद्यांच्या साथीने सांगायची कथा, असा हा चलत्‌चित्राचा पूर्वजच. येथे पोथी घराण्याची असे, कथा मात्र रामायण-महाभारताची, म्हणजे सर्वांची. जुनी चित्रे संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे गेली, तेव्हा ती टिकली; पण काचेमागे एक चित्र सुटे लावले की क्रम तुटतो आणि कथा थांबते. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली मिळालेली पद्मश्री ही चित्रांइतकीच ती दाखवत, सांगत राहण्याच्या चिकाटीला मिळालेली आहे. खरेदीने वस्तू वाचली तरी सांगणे वाचतेच असे नाही, हे पिंगुळी शिकवते. आणि ब्लू स्कायची कथाही वेगळे काही शिकवत नाही.

६

तेव्हा चाहत्याला भाबडा ठरवणारी आणि त्याला क्रांतिकारक ठरवणारी, या दोन्ही भूमिका सोडून द्याव्या लागतील. चाहता हा असा रसिक आहे, की ज्याच्या अनुभवाच्या अटीच कोणीतरी दुसऱ्याने ताळेबंदात मांडल्या आहेत, आणि हे त्याला उशिरा कळले आहे. त्याचे दुःख खरे असते, त्याची भाषा मात्र उसनी, बाजाराकडून घेतलेली असते. तो 'आमचे' म्हणतो तेव्हा बाजार त्याला लगेच ओळखतो आणि त्याच भावनेवर पुढचा उत्तरभाग विकतो. समीक्षेचे काम येथे सुरू होते : त्या उसन्या भाषेतून मूळची तक्रार वेगळी काढणे, तिला तिचा शब्द मिळवून देणे. तो शब्द मालकीच्या कोशात सापडणार नाही. आपल्या काव्यशास्त्राने त्याची जागा हजार वर्षांपूर्वी आखून ठेवली आहे, आणि आपल्या रंगभूमीने त्याला 'मायबाप' हे व्यवहारातले नावही दिले आहे. मराठी समीक्षेने या दोन वारशांचा उपयोग रससिद्धांताच्या पुनर्मांडणीपुरता न करता, पडद्यासमोर बसलेल्या आजच्या माणसासाठी करायला हवा.