रमाबाईंच्या ‘आठवणीं’तील विद्यार्थी

मोठ्या पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या विद्याभ्यासाचें प्रकरण बहुधा पदवी मिळतांच संपतें. पुढें पानोपानीं संस्था, सभा आणि व्याख्यानें. न्यायमूर्ति माधवराव रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेलें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक या रूढीस अपवाद आहे. पतिभक्तीचा ग्रंथ म्हणून त्याची पुष्कळ वाखाणणी झाली. परंतु आमच्या मतें त्याचें खरें मोल निराळें आहे. पुढारीपण अंगावर आल्यावरही विद्यार्थिदशा न सोडणारा मनुष्य घरांत कसा दिसतो, हें त्यांत पाहावयास मिळतें.

कलकत्त्याचा प्रसंग घ्यावा. १८८६ सालीं सरकारनें नेमलेल्या फायनॅन्स कमिटीचे सभासद म्हणून माधवरावांस तिकडे राहावें लागलें. वय चव्वेचाळीस, दृष्टि अधू, कामाचा बोजा मोठा. तरीही ज्या प्रांतांत राहावयाचें तेथील भाषा येऊं नये, याची त्यांस लाज वाटली. बंगाली पुस्तकें घरांत आलीं, आणि हजामतीस येणाऱ्या न्हाव्यालाच ते शब्दांचे अर्थ विचारूं लागले. या नव्या गुरूवरून बाईंनीं त्यांची थट्टाही केली. चोवीस गुरु करणाऱ्या दत्तात्रेयाची कथा आपण सारेच भाविकपणें ऐकतों. पण ज्याच्या मताला सरकारदरबारीं मान, त्यानें न्हाव्यापुढें आपलें अज्ञान उघड करावें, यास निराळेंच बळ लागतें. बाईंनीं येथें उपदेशाचें प्रवचन लाविलें नाहीं, हें उत्तम केलें.

मात्र भाषा शिकणें सोपें. स्वतःच्या दौर्बल्यापासून शिकणें कठीण. पुनर्विवाहाचा कैवार घेतलेल्या माधवरावांनीं १८७३ सालीं, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. ती मुलगी म्हणजेच प्रस्तुत लेखिका. या पराभवानें त्यांस काय शिकविलें? पुस्तक या प्रश्नाच्या जवळ जातें आणि अदबीनें परत फिरतें. पत्नीकडून अधिक अपेक्षिणें कदाचित् अन्यायाचें होईल. तथापि वाचकास उणीव भासतेच.

उत्तराचा थोडा अंश पुस्तकाच्या भाषेंतच आहे. लग्नाच्या वेळीं अक्षरओळखही नसलेल्या त्या मुलीस माधवरावांनीं स्वतः शिकविलें. घरांतील वडील बायकांचा रोष मात्र बहुतेक तिच्याच वांट्यास आला. तिचीच ही सरळ, घरगुती, कोठेंही न अडखळणारी मराठी. ग्रंथ निघाला त्याच्या आदल्या वर्षीं, १९०९ सालीं, पुण्यास सेवासदन सुरू झालें तेंही तिच्याच पुढाकारानें. आणि तेथें प्रौढ बायका पाटी घेऊन बसूं लागल्या.