एक ठिपका दमणुकीचा

शाळेत मागच्या बाकावर आम्ही पुस्तकातलं क्रिकेट खेळायचो. भूगोलाचं पुस्तक डोळे मिटून उघडायचं, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा आणि शून्य आलं की बाद. मधल्या सुट्टीत सुरू झालेला कपिलदेवचा स्पेल शाळा सुटेपर्यंत चालायचा आणि त्याच्या खांद्याला काही व्हायचं नाही. कागदाला घाम येत नाही, हे आम्ही गृहीतच धरलेलं होतं.

'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हा अमेरिकेतल्या हॅल रिचमन यांनी १९६१मध्ये बाजारात आणलेला बेसबॉलचा खेळही मुळात कागदाचाच. खऱ्या खेळाडूची एका मोसमाची कामगिरी एका कार्डावर उतरवलेली, आणि सोबत तीन फासे. पांढरा फासा एक ते तीन पडला तर बॅटरच्या कार्डावरचा रकाना बघायचा, चार ते सहा पडला तर पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. तिथे जे छापलं असेल ते मैदानात घडलं. पुढे प्रगत नियम आले आणि पिचरच्या कार्डावरच्या काही नोंदींशेजारी एक काळा ठिपका उमटला. या खेळाचं सगळं काव्य मला त्या ठिपक्यात दिसतं.

पिचर ताजा असेपर्यंत ठिपक्याला काही अर्थ नसतो. शेजारी बाद लिहिलंय, तर बाद. पण कार्डावर आणखी एक आकडा असतो, त्या पिचरच्या दमाचा. समजा तो सात आहे. सातव्या इनिंगपासून पुढे त्याच्यावर हिट आणि वॉक (बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) साचायला लागले की तो दमला असं धरायचं, आणि तिथून पुढे ठिपक्याची प्रत्येक नोंद 'सिंगल' म्हणून वाचायची. कार्ड तेच, शाई तीच, फासेही तेच. बदलतं ते फक्त वाचन. मघाशी जो माणूस मान खाली घालून परत गेला असता, तो आता पहिल्या बेसवर उभा राहून हातमोजे झटकतोय.

मुरलेला खेळाडू कार्ड हातात आल्यावर ठिपके मोजत बसत नाही, ते कुठल्या ओळीत आहेत ते बघतो. दोन फाशांची बेरीज दोन येण्याची शक्यता छत्तीसात एक. सात येण्याची छत्तीसात सहा. दोनच्या ओळीतला ठिपका म्हणजे कधीमधी येणारी शिंक. सातच्या ओळीतला म्हणजे जुना दमा. दोन पिचरांच्या कार्डांवर ठिपके सारखेच असले, तरी एक दमल्यावरही नेटाने उभा राहतो आणि दुसरा कोसळतो. 'याच्यात दम आहे' आणि 'हा दमला' ही दोन्ही वाक्यं आपण एकाच माणसाबद्दल बोलतो. या कार्डावर ती एकाच ओळीत छापलेली आहेत.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. आपला गोलंदाज दमला की कर्णधार त्याला सीमारेषेवर पाठवतो आणि दहा षटकांनी परत बोलावतो. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला. म्हणून आठव्या इनिंगमध्ये दमलेल्या मोठ्या पिचरला काढायचं की ठेवायचं, हा प्रश्न केवळ त्याच्या खांद्याचा नसतो. त्याच्या मागे बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसलेल्या लहान माणसावर तुमचा किती भरवसा आहे, हे तिथे विचारलं जात असतं.

हा प्रश्न नीट पारखायचा तर १९६४च्या फिलाडेल्फिया फिलीज संघाची कार्डं काढावीत. २० सप्टेंबरला बारा सामने उरले होते आणि संघ साडेसहा सामन्यांनी पुढे होता. मग सलग दहा सामने गेले. व्यवस्थापक जीन मॉक यांच्याकडे दोन हुकमी पिचर होते, जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट. बाकीच्या पिचरांपैकी रे कल्पचं कोपर दुखत होतं, डेनिस बेनेटचा खांदा. मॉक यांनी २५, २७, २८ आणि ३० तारखेला बनिंग किंवा शॉर्ट यांनाच, मध्ये जेमतेम दोन दिवसांची उसंत देऊन, उतरवलं. चारही सामने हरले. अखेरीस सेंट लुईस कार्डिनल्स संघ एका सामन्याच्या फरकाने अजिंक्य ठरला.

हा मोसम फाशांवर पुन्हा खेळताना नियम मॉक यांच्या मोहाच्या आड येतो. कार्डावर चांदणी असलेला पिचर मध्ये तीन दिवस गेल्यावर चालतो, नसेल तर चार. त्यातली खोच अशी की बनिंगचं कार्ड त्याच्या अख्ख्या मोसमावरून बनलेलं आहे. १९ विजय, २८४ इनिंगहून अधिक काम, आणि सप्टेंबर अखेरच्या त्या दमलेल्या दुपारीही त्यातच विरघळलेल्या. दमणुकीची किंमत छपाईतच वळती झालेली असताना तुम्ही त्याला आणखी राबवलंत, तर तीच किंमत ठिपके पुन्हा वसूल करतात.

राखीव फळीचीही गंमत अशीच सूक्ष्म आहे. त्या संघातले डिक अ‍ॅलन आणि जॉनी कॅलिसन हे दोघे १६२च्या १६२ सामने खेळले. ऑगस्टमध्ये मुद्दाम आणलेल्या फ्रँक थॉमसचा अंगठा ८ सप्टेंबरला मोडला आणि पहिल्या बेसवरची मजबुती गेली. आता असे रोज खेळणारे सोडून कार्डांच्या थप्पीत खाली पडलेला एखादा राखीव बॅटर घ्या. तो वर्षभरात शंभरच वेळा खेळला असेल, पण त्या शंभरात चमकलेला, म्हणून कार्ड झळझळीत. त्याला रोज खेळवलं तर तो भल्याभल्यांना मागे टाकेल. म्हणून आपसात लीग चालवणारी मंडळी नियम करतात की जो खऱ्या मोसमात जेवढा खेळला, तेवढाच इथे खेळेल. मग तो शंभर वेळांचा साठा लोणच्याच्या बरणीसारखा जपून वापरावा लागतो. मे महिन्यात ताटभर वाढलंत, तर सप्टेंबरात बरणीचा तळ दिसतो.

या रचनेत उणीवही आहे. दमणूक इथे मुख्यतः पिचरच्या वाट्याला येते. वीस दिवस सलग गुडघ्यांवर बसलेला कॅचर एकविसाव्या दिवशीही तितक्याच ताकदीने बॅट फिरवतो. त्याला सुट्टी द्यायची ती लीगच्या नियमाच्या धाकाने. जर्मनीच्या मार्कुस हाइनसोन यांनी १९९९मध्ये आणलेल्या 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'सारख्या संगणकीय खेळात हे भरून निघतं. सलग सामन्यांचा शीण तिथे प्रत्येकाच्या अंगावर चढत जातो. हिशेब जास्त खरा आहे, मान्य. पण तो संगणक ठेवतो. कार्डावरचा ठिपका मात्र मला स्वतः वाचावा लागतो, माझ्याच हाताने बादचा सिंगल करावा लागतो. ती चुटपुट तिथे मिळत नाही.

मी तो मोसम खेळलो तेव्हा २७ सप्टेंबरला बनिंगचं कार्ड बाजूला ठेवलं आणि थप्पीतला सर्वांत साधा पिचर उतरवला. त्याने चौथ्याच इनिंगमध्ये मार खाल्ला, सामना गेला. हात पुन्हा बनिंगकडे वळत होता. मॉक मला पहिल्यांदा तेव्हा कळले. मोठ्या माणसावरचं प्रेम आणि लहान माणसावरचा अविश्वास बाहेरून अगदी सारखे दिसतात.

खऱ्या मोसमाचा शेवटचा दिवस ४ ऑक्टोबर होता. तोवर विजेतेपद फिलीजच्या हातात राहिलं नव्हतं. त्या दिवशी सिनसिनाटीविरुद्ध पुन्हा बनिंगच उतरला, पण या वेळी पुरते तीन दिवस थांबून. फिलीज १०-० जिंकले. त्याने पूर्ण सामना टाकला आणि एकही धाव दिली नाही.