उधारीवर दिलेली मधली घरं

साताऱ्याहून सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना जाणाऱ्या पोरांना मी विचारतो, काळ्याकडून काय खेळणार? उत्तर ठरलेलं: ‘किंग्ज इंडियन’. घोडा एफ६, प्यादं जी६, उंट जी७, प्यादं डी६, किल्लेकोट. समोरचा काहीही खेळो. माझा आक्षेप या ‘काहीही’ला आहे.

देशी बुद्धिबळात प्यादं एकेकच घर चालायचं. १८५०च्या दशकात कलकत्त्यात मोहेशचंद्र बॅनर्जी कॉक्रेनसमोर अशीच संथ मांडणी करत. ‘इंडियन’ हे नाव त्यावरूनच आलं. पण संथ म्हणजे निवांत नव्हे. मधली घरं पांढऱ्याला उधार दिलेली असतात. ई५ किंवा सी५ करून ती वेळेत वसूल केली नाहीत, तर आपलीच मोहरी गुदमरतात. म्हणून मांडणी पाठ करण्याआधी ठरवा: वसुली कुठून करणार?