हात टाकण्याची किंमत : ‘राउंडर्स’ पुन्हा बघताना

आज आपण बोलणार आहोत जॉन डाल यांच्या ‘राउंडर्स’बद्दल. चित्रपट १९९८चा. मॅट डेमननं त्यात माइक नावाचा कायद्याचा विद्यार्थी रंगवलाय आणि जॉन माल्कोविचनं टेडी केजीबी. पोकर खेळणारी मंडळी हा चित्रपट डोक्यावर घेतात, संवादच्या संवाद पाठ असतात त्यांना. तो आवडण्यासारखा आहेच. पण हातात आलेले चांगले पत्ते टाकायचे कधी, या पोकरमधल्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर तो चुकीचं देतो, असं आमचं म्हणणं आहे. ते का, एवढंच आज मांडायचंय.

आधी खेळ थोडक्यात. आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्या प्रत्येकाला ‘पॅक’ ठाऊक असतं. पण तीन पत्तीत वाटलेले तीन पत्ते तेच शेवटचे. ट्रेल आली की ती ट्रेलच राहते. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते गुपचूप मिळतात आणि मग टेबलावर पाच पत्ते उघडतात. आधी तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, मग आणखी एक. हे पाच सगळ्यांचे. सातांतून उत्तम पाच निवडायचे. म्हणजे सुरुवातीचे दोन पत्ते चांगले असणं ही सुरुवातीची बातमी झाली. पुढे बातमी बदलत जाते.

आता चित्रपटातला पहिला मोठा डाव बघा. माइककडे एक्का आणि नव्वी. टेबलावर एक्का, नव्वी, अठ्ठी, पुन्हा नव्वी आणि तिर्री. म्हणजे त्याचं फुल हाउस झालंय, तीन नव्व्या आणि दोन एक्के. टेडी दोन एक्के उघडतो आणि माइकचे तीस हजार डॉलर जातात. चित्रपट हा प्रसंग पापासारखा दाखवतो. पोराला मोह झाला, हात टाकता आला नाही, म्हणून तो बुडाला.

पण आपण मोजून बघू. माइकला सात पत्ते दिसतायत, न दिसणारे ४५. त्यांतून दोन पत्त्यांच्या जोड्या होतात ९९०. त्याला हरवणारी जोडी त्यांत किती? एक. उरलेले दोन एक्के, बस्स. चार नव्व्या कुणाकडे असूच शकत नाहीत, कारण एक त्याच्याच हातात आहे. टेडी काही वाटेल त्या पत्त्यांवर एवढे पैसे लावणार नाही, हे मान्य. तरीसुद्धा हा हात टाकणं म्हणजे त्या एका जोडीच्या भीतीनं बाकी सगळं सोडणं. पत्ते माइकनं ठीकच खेळले होते. चूक त्याआधीची होती: जवळची सगळी पुंजी घेऊन एका टेबलावर बसणं. ती ओझरती येते आणि प्रेक्षक घरी जाताना भलताच धडा घेऊन जातो.

दुसरा प्रसंग शेवटाकडचा. टेडी क्रीम बिस्किट कानाशी धरून उघडतो. ते खाल्लं की पत्ते भारी, ही खूण माइकनं हेरलेली असते. म्हणून तो वरच्या दोन जोड्या, म्हणजे चांगला भक्कम हात, शांतपणे टाकतो. टेडी खवळतो, आपण टाळ्या वाजवतो. दृश्य म्हणून झकास! पण इथे हात टाकणं ही सिद्धी झालीय, चेहरा वाचण्याची. रोजच्या टेबलावर समोरचा माणूस बिस्किट खात नाही हो. (हशा)

मग खरा निर्णय कसा घेतात? चित्रपटात नसलेला, पण खेळणाऱ्याला नेहमी भेटणारा डाव घेऊ. तुमच्याकडे दोन राण्या आल्या. तुम्ही रक्कम वाढवलीत, समोरच्यानं आणखी वाढवली, तुम्ही पुन्हा, आणि तो आता सगळंच पुढे ढकलतोय. समजा, तो असं फक्त दोन एक्के किंवा दोन राजांवर करणारा माणूस आहे. मग तुम्ही शंभरात अठराएक वेळा जिंकाल. पण तोच माणूस एक्का-राजावरही असं करत असेल तर? दोन एक्के यायच्या तऱ्हा सहा, दोन राजांच्या सहा, एक्का-राजाच्या सोळा. आता तुमची जिंकण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के झाली. राण्या त्याच, बदलला तो समोरच्याबद्दलचा अंदाज. आणि तो अंदाज कानाशी धरलेल्या बिस्किटावरून येत नाही, तासभर त्याचा खेळ बघून येतो.

फ्लॉपवर तर हिशेब आणखी सरळ. दोन राण्या असताना फ्लॉपमध्ये एक्का किंवा राजा येण्याची शक्यता ४१ टक्के. समजा एक्का आला आणि मधल्या १०० रुपयांवर समोरच्यानं ५० लावले. तुम्ही ५० देऊन २००साठी खेळणार, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवं. त्याच्याकडे एक्का असेल तर तुम्हाला वाचवणाऱ्या उरल्या दोन राण्या. पुढचे दोन्ही पत्ते बघायला मिळाले तरी दहांत एकदाही जमत नाही. म्हणून विचारायचं एवढंच, की तो चारांत एकदापेक्षा जास्त वेळा खोटं बोलतोय का? नसेल तर राण्या टाका. त्या वाटल्या तेव्हा सुंदर होत्या, हे कारण पुरत नाही.

दोन एक्केसुद्धा टाकावे लागतात. काही स्पर्धांत पहिल्या दहांना मोठ्या स्पर्धेचं सारखंच तिकीट मिळतं. अकरा जण उरलेत, तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत, आणि तेवढ्याच चिप्सवाला सगळं लावतो. जिंकलात तरी तिकीट एकच. हरलात तर हातचं गेलं. अशा वेळी एक्के गुपचूप परत करायचे. यावर सिनेमा कोण काढणार?

आपल्या रमीनं मात्र ही गोष्ट नियमातच घालून ठेवलीय. पहिल्या पानाआधी ड्रॉप केलं तर २० गुण, मधे केलं तर ४०, शेवटपर्यंत अडकलात तर ८०. बाहेर पडण्याला भाव आहे आणि उशिराचा भाव जास्त आहे. पोकरमध्येही तसंच असतं, फक्त तिथे तक्ता कुणी हातात देत नाही.

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर आम्हीच एकांगी ठरू. हात टाकणं चुकूही शकतं. २००३च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीत सॅमी फरहा यांच्याकडे नव्व्यांची जोडी होती. ख्रिस मनीमेकर यांच्या हातात काहीच जुळलेलं नव्हतं, तरी त्यांनी सगळं लावलं. फरहांनी पत्ते टाकले, पुढे मनीमेकर जिंकले. पण झाकलेले पत्ते नंतर उघडून आधीचा निर्णय जोखणं सोपं असतं. फरहांना दिसत होतं तेवढ्यावर त्यांना बोलावं लागेल.

‘राउंडर्स’मध्ये माइक १९८८च्या अंतिम लढतीची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघतो. जॉनी चॅन गप्प राहून एरिक साइडेलला जाळ्यात ओढतात, ती. पडद्यावर चॅनची दंतकथा होते, साइडेल फसलेला माणूस म्हणून राहतो. हाच साइडेल नंतर अनेक दशकं वरच्या पातळीवर खेळत राहिला, आणि मारिया कोनिकोवा या मानसशास्त्रज्ञ लेखिकेचा गुरू झाला. २०२०चं तिचं ‘द बिगेस्ट ब्लफ’ त्याच शिकण्याबद्दल आहे. तिथे निर्णय कसा घेतला याला मोल आहे, नशिबाच्या रडगाण्याला नाही. चित्रपटानं ज्याला हरलेला म्हणून गोठवलं, त्याच्याकडेच आपल्या प्रश्नाचं बरं उत्तर होतं.

तेव्हा ‘राउंडर्स’ जरूर बघा. फक्त दर डावाला थांबवून विचारा: आत्ता काय माहीत आहे, पुढे जायला किती द्यावं लागेल, आणि हरलो तर उद्या बसायला काय उरेल? पहिल्या डावात माइकनं तिसरा प्रश्न विचारला असता, तर पत्ते तेच राहून गोष्ट वेगळी झाली असती. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.