कॅल्डोर यांचे १९६६ चे व्याख्यान : कारखाने, सेवा आणि भारतातील वाद

विकासाच्या अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘वस्तुनिर्माण हे आर्थिक वाढीचे इंजिन आहे, चर्चा करा’ अशा धर्तीचा प्रश्न तुम्ही पाहिला असेल. उत्तरात ‘कॅल्डोरचे नियम’ म्हणून तीन ओळी लिहिल्या की बहुधा काम भागते. हे नियम ज्या व्याख्यानातून आले ते मात्र फारसे कोणी उघडत नाही. तुम्ही ते वाचावे असे मी सुचवीन. भारताने कारखाने वाढवावेत की सेवा विकाव्यात, या वादात आज दोन्ही बाजू कळत-नकळत त्याच मांडणीचा आधार घेतात. माझ्या मते त्या तिच्यातला कच्चा भाग उचलतात आणि पक्का भाग सोडून देतात.

निकोलस कॅल्डोर (१९०८–१९८६) मूळचे बुडापेस्टचे, पण त्यांची कारकीर्द ब्रिटनमध्ये घडली. आपल्याकडे त्यांचे नाव करसुधारणेच्या संदर्भात येते. १९५६ मध्ये त्यांनी भारताच्या करव्यवस्थेवर अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी इथे आलेला खर्च कर ही त्यांचीच कल्पना. केंब्रिज विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर २ नोव्हेंबर १९६६ रोजी त्यांनी जे उद्घाटनपर व्याख्यान दिले, त्याचा विषय होता ब्रिटनची वाढ इतर श्रीमंत देशांपेक्षा मंद का आहे.

त्यांनी १२ औद्योगिक देशांची १९५३-५४ ते १९६३-६४ या काळातली आकडेवारी घेतली आणि वस्तुनिर्माणाची वाढ व जीडीपीची वाढ यांच्यात एक सरळ रेषा बसवली : जीडीपीची वाढ = १.१५३ + ०.६१४ × वस्तुनिर्माणाची वाढ. वहीत करून पाहा. कारखान्यांचे उत्पादन वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत असेल तर जीडीपी सुमारे ६.१ टक्क्यांनी वाढतो. ते २ टक्क्यांनीच वाढले तर जीडीपी २.४ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे वाढ ३ टक्क्यांच्या वर जायची असेल, तर कारखान्यांना बाकीच्या अर्थव्यवस्थेच्या पुढे धावावे लागते.

इथे तुमच्या मनात शंका यायला हवी. वस्तुनिर्माण हा जीडीपीचाच भाग आहे. भाग वाढला की बेरीज वाढणारच, यात विशेष ते काय? कॅल्डोर यांना ही शंका ठाऊक होती. म्हणून त्यांनी कारखान्यांची वाढ इतर क्षेत्रांपेक्षा किती जास्त आहे तेही तपासले, आणि संबंध टिकला.

पण आकड्यांचा संबंध म्हणजे कारण नव्हे. कारण म्हणून त्यांनी वाढत्या फलाचा सिद्धांत पुढे केला. तो त्यांनी आपले शिक्षक ॲलिन यंग यांच्या १९२८ च्या विवेचनातून घेतला होता. बाजार मोठा झाला की कामाची विभागणी बारीक होते, नवी यंत्रे परवडतात, सुटे भाग बनवणारे वेगळे उद्योग उभे राहतात आणि दर माणशी उत्पादन वाढते. कॅल्डोर यांच्या आकड्यांत कारखान्यांचे उत्पादन १ टक्क्याने जास्त वाढले की उत्पादकतेची वाढ जवळपास अर्ध्या टक्क्याने जास्त दिसते. याला व्हर्डोर्न यांचा नियम म्हणतात. उरलेली अर्धी वाढ नव्या कामगारांमुळे. ते कुठून येतात? शेतीतून, जिथे माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत आणि काही निघून गेली तरी पीक घटत नाही. ब्रिटनची शेती तोवर रिकामी झाली होती. त्यामुळे हा देश अकाली प्रौढ झाला, असे त्यांचे निदान.

हे निदान फार टिकले नाही. १९७५ मध्ये रॉबर्ट रोथॉर्न यांनी दाखवले की रोजगार आणि उत्पादकता यांचा संबंध थेट तपासला तर तो बराचसा एकट्या जपानवर उभा आहे. जपान वगळा, नियम ढासळतो. कॅल्डोर यांनी त्याच वर्षी उत्तर देताना ब्रिटनमधल्या कामगारटंचाईचे स्पष्टीकरण सोडून दिले आणि निर्यातीच्या मागणीवर भर दिला. बारा देशांच्या आलेखात एका बिंदूचे वजन किती असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण संख्याशास्त्राच्या तासालाही क्वचित मिळेल.

माझा मोठा आक्षेप मात्र सेवांबद्दल आहे. सेवांची वाढ आणि जीडीपीची वाढ यांतही कॅल्डोर यांना जवळचा संबंध आढळला होता. गुणांक जवळजवळ एक. याचा अर्थ त्यांनी लावला की सेवा मागून येतात : कारखाने चालले की वाहतूक, व्यापार आणि बँका वाढतात. आकडे हे सांगत नाहीत, अर्थ त्यांनी लावलेला आहे. १९६६ मध्ये तो वाजवी होता, कारण बहुतेक सेवा जिथे पुरवल्या तिथेच वापरल्या जात. बंगळूरुत बसून न्यूयॉर्कच्या बँकेचे काम करणारा माणूस त्या चित्रात नाही. भारताची सेवानिर्यात २०२३-२४ मध्ये सुमारे ३४१ अब्ज डॉलर होती, वस्तूंची सुमारे ४३७ अब्ज. ही मागणी देशातल्या कारखान्यांच्या मागून आलेली नाही.

शिवाय ‘सेवा’ ही पेटीच विचित्र आहे. न्हावी, शिक्षक, भाजीविक्रेता, चिपचा आराखडा करणारी अभियंता, सगळे एकाच पेटीत. कारखान्याने आपला सुरक्षारक्षक आणि हिशेबनीस बाहेरच्या कंपनीकडे दिले की हातातले काम तेच राहून आकडेवारीत ते वस्तुनिर्माणातून सेवांत जातात.

ब्रिटनने या पेटीवर करही लावला. कॅल्डोर सरकारचे सल्लागार असताना, व्याख्यानाच्या काही आठवडे आधी, निवडक रोजगार कर सुरू झाला. मालकाने प्रत्येक पुरुष कामगारामागे आठवड्याला २५ शिलिंग भरायचे. कारखानदाराला ते परत मिळत, वर साडेसात शिलिंग जास्तच. दुकानदाराला आणि हॉटेलवाल्याला काही नाही, मग हॉटेलात परदेशी पाहुणे परकीय चलन खर्च करत असले तरी. पुढे डब्ल्यू. बी. रेडवे यांनी या कराच्या परिणामांचा अभ्यास केला तेव्हा किरकोळ व्यापारात उत्पादकता वाढल्याचे दिसले आणि तिचे काही श्रेय त्यांनी या कराला दिले. म्हणजे ज्या क्षेत्राला सुस्त समजून कर लावला, त्यानेच कमी माणसांत जास्त काम करून दाखवले. १९७३ मध्ये कर रद्द झाला.

मग व्याख्यानात उरते काय? माझ्या दृष्टीने तिसरा दुवा, शेतीतल्या माणसांचा. ब्रिटनसाठी तो चुकला, पण आपल्याकडे परिस्थिती नेमकी उलट आहे. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतीत आहेत आणि वस्तुनिर्माणात ११ टक्क्यांच्या आसपास. देशाच्या मूल्यवर्धनात शेतीचा वाटा मात्र पाचव्या हिश्श्याच्या आगेमागे. कॅल्डोर ज्या साठ्याबद्दल बोलत होते तो इथे भरलेला आहे.

सेवांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी इथे थांबायला हवे. माहिती तंत्रज्ञान उद्योग डॉलर आणतो, पण त्यातले थेट रोजगार ५० लाखांच्या थोडे वर आहेत आणि ते पदवीनंतर मिळतात. दहावीपर्यंत शिकलेल्या, गाव सोडू पाहणाऱ्या मुलीला तिरुप्पूरच्या शिलाई कारखान्यात यंत्रावर बसता येते. बंगळूरुत तिच्या वाट्याला बहुधा घरकाम येईल. तीही सेवाच, पण तिच्यात वाढते फल नाही.

कारखान्यांच्या बाजूचे लोकही मोकळे सुटत नाहीत. २०११ च्या राष्ट्रीय वस्तुनिर्माण धोरणाने २०२२ पर्यंत जीडीपीत २५ टक्के वाटा आणि १० कोटी नवे रोजगार असे लक्ष्य ठेवले होते. वाटा १७ टक्क्यांच्या आसपासच राहिला. या वादात सहसा तो २५ चा आकडाच बोलला जातो. कॅल्डोर यांच्या तर्काने पाहिले तर यंत्रमानवांनी भरलेला, थोड्या माणसांचा कारखाना वाटा वाढवील, पण शेतीतला माणूस होता तिथेच राहील.

व्याख्यान वाचताना एक करून पाहा. जिथे जिथे ‘वस्तुनिर्माण’ येते तिथे समासात दोन प्रश्न लिहा : या कामात आकार वाढला की दर माणशी उत्पादन वाढते का, आणि शेतातून आलेल्या माणसाला ते काम मिळू शकते का? मग तेच दोन प्रश्न तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या गोदामाला, साखर कारखान्याला आणि कॉल सेंटरला लावा. वर्गात चर्चेला घ्यावीत अशी उत्तरे तिथे मिळतील, आणि ती एकमेकांशी जुळणार नाहीत.