‘बगळ्यांची माळ’ व तिचे अलंकार

कवितेतील अलंकारांची नावे सांगता आली म्हणजे कविता समजली, अशी एक समजूत आपल्या पाठशाळांतून रूढ आहे. ती किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल तर नांदेडच्याच एका कवीची छोटी रचना हाती घ्यावी. वा. रा. कांत यांचा जन्म १९१३ साली नांदेडास झाला. ‘रुद्रवीणा’सारखे नाव आपल्या संग्रहास देणाऱ्या या कवीची ‘बगळ्यांची माळ’ ही कविता मात्र अगदी हळुवार आहे. श्रीनिवास खळे यांच्या चालीने आणि वसंतराव देशपांडे यांच्या गळ्याने ती घरोघर गेली. इतकी, की ती वाचण्याचे कारणच कोणास उरले नाही. गाण्याने तिच्यावर उपकार केले खरे, परंतु ध्रुवपदाकडे वारंवार परतणाऱ्या चालीत कवितेची एकाच दिशेने पडत जाणारी पावले ऐकू येत नाहीत. म्हणून आम्ही ती येथे कागदावर ठेवून वाचीत आहो.

बगळ्यांची ओळ म्हणजे माळ, हे रूपक नवे नव्हे. ‘मेघदूता’तील बलाकाही मेघाच्या सेवेस माळ धरूनच येतात, आणि तेथेही बोलणारा विरहीच आहे. कांतांचे स्वतःचे काय, तर त्यांनी या माळेस फुलण्याची क्रिया दिली. आमच्याकडची मुले बगळे जाताना पाहून नखांवर नखे घासतात व त्यांच्यापाशी पांढरी फुले मागतात, हे ज्यास ठाऊक आहे त्याला हे फुलणे परके वाटणार नाही.

पहिल्या कडव्यात पावसाचे थेंब पानांवर बीन छेडतात आणि ओल्या रानात अभ्रकाचे ऊन पडते. येथे ‘चेतनागुणोक्ती’ म्हणून समासात खूण करून पुढे जाणारा विद्यार्थी अभ्रकापाशी थांबत नाही, हे आम्हांस वाईट वाटते. सोन्याचे ऊन कोणीही लिहिले असते. अभ्रक चकाकतो, पण त्याचे पापुद्रे बोटाने सुटतात. सुखाच्या ऐन भरात त्याचा ठिसूळपणा या एका शब्दात येऊन बसला आहे. ज्या लातुरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील वाचकास ओल्या रानातले हे क्षणिक ऊन अधिक तीव्रतेने भिडावे. पुढचा मेघ ‘मनकवडा’ आहे. दूर डोंगरातल्या ढगास मनातले कळते आणि जिला उद्देशून ही कविता आहे तिला मात्र ‘आठवते का’ म्हणून विचारावे लागते! हा विरोध कवीने कोठेही बोलून दाखविलेला नाही.

दुसरे कडवे आम्हांस उणे वाटते. भर दिवसा प्रियेच्या डोळ्यांत पौर्णिमा होणे यात विरोधाभासाची चमक आहे, परंतु तिच्यामागून येणारे अमृत शेकडो कवींनी वापरून पातळ केलेले आहे. भेटीची जागा नारळीखाली आहे, हेही ध्यानात घ्यावे. गोदाकाठच्या नांदेडात डोळ्यांपुढे येतो तो कडुनिंब वा बाभूळ. नारळी ही किनाऱ्याची. तिसऱ्या कडव्यात कविता पुन्हा सावरते. दोघे हातांबरोबर सांजही गुंफतात आणि बगळ्यांचे कळे मोजतात, म्हणजे आकाशातली माळ आता त्यांच्या हातची झाली. कमळाची उपमाही येथेच आहे. कमळ उमलते तसे मिटते, आणि दिवसांच्या मिटण्यावर हे कडवे संपते.

चौथ्या कडव्यात माळ तुटते. पक्ष्यांनी नव्हे, तिने तोडलेली. आमच्या मते सबंध कवितेचे मर्म येथे आहे. आरंभीचा ‘अजुनि’ हा साधा शब्द आता परत वाचावा. आकाशातली माळ अजून फुलते आहे आणि दोघांनी ओवलेली तुटली आहे; दोन्ही एकाच वेळी खरे. सृष्टी आपला क्रम चुकवीत नाही, यातच विरहिणाचे दुःख आहे. मग हिला निसर्गकविता म्हणावे की प्रेमकविता, हा वाद पोकळ ठरतो. कारण रूपक काढून घेतले तर सांगावयाचा अर्थच उरत नाही.

‘शुभ्र’ हे विशेषण कवितेत दोनदा येते. प्रथम ते कळ्यांचे आहे. शेवटी ते पक्ष्यास सोडून पंखांच्या फडफडीस जाऊन लागते. बगळे नाहीसे झाले, आकार गेला, आणि केवळ हालचाल पांढरी राहिली. याचे नाव अलंकारशास्त्राच्या पुस्तकात शोधून सापडेलही, परंतु ते सापडण्यापूर्वी अंगावर काटा आला पाहिजे. त्यानंतर कवी दुसरा प्रश्न विचारतो. पहिला स्मरणाचा होता, हा सलण्याचा आहे. उत्तर दोहोंसही नाही.