दिवेलागणीचा नीलम

सराफाच्या गादीवर पांढऱ्या कागदाची पुडी उलगडते, चिमट्याच्या टोकाने खडे हलकेच वेगळे केले जातात, आणि पाहणाऱ्याची नजर आधी रंगाकडे धावते. तिला धावू द्यावं. लग्नाच्या वाढदिवसासाठी नीलमाची अंगठी निवडायची तर सोन्याचा भाव, वजन, घडणावळ ही सारी बोलणी नंतरची. पहिला थोडा वेळ तरी आपण आणि तो निळा रंग, एवढंच असावं. निळा म्हणताना आपण एकच शब्द उच्चारतो, पण शेजारी शेजारी पाच खडे मांडले की पाच निळाया दिसू लागतात: एकीत जांभळी झाक, दुसरीत किंचित हिरवेपणा, तिसरी इतकी गडद की उजेडाकडे धरल्याशिवाय ती निळी आहे हेही कळू नये, चौथी पाण्यात रंग विरघळत जावा तशी फिकी, आणि पाचवी, पावसाळी सकाळी कुंपणावर नुकत्याच उमललेल्या गोकर्णीची. नजर फिरून फिरून त्या पाचवीवर का येते, हे एकदा आपलं आपल्याला कळलं, की निवडीचं निम्मं काम झालं.

आपल्या जुन्या रत्नपरीक्षकांनी या छटांचा हिशेब मोठ्या रसिकतेनं ठेवला आहे. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत इंद्रनीलाचे, म्हणजे नीलमाचे, रंग सांगताना निळं कमळ येतं, भुंगा येतो, नीलकंठ शिवाचा गळा येतो आणि बलरामाचं वस्त्रही येतं. रत्नाचा व्यवहार सांगणाऱ्या ग्रंथाला फुलं, पाखरं आणि देव असे जवळचे वाटावेत, ही गोष्ट मला फार आवडते. कारण रंग मोजून सांगता येत नाही, तो कशाच्या तरी शेजारी ठेवूनच सांगावा लागतो. त्याच पुराणात बल नावाच्या असुराच्या देहापासून रत्नं झाल्याची कथा आहे, आणि त्याचे डोळे सिंहलभूमीवर, म्हणजे श्रीलंकेवर, पडून त्यांचे इंद्रनील झाले असं ती कथा सांगते. भूगोलही चुकलेला नाही. श्रीलंकेतल्या रत्नपुरा परिसरात आजही भातखाचरांच्या कडेला खोल खड्डे खणतात, ‘इल्लम’ म्हणून ओळखला जाणारा वाळूगोट्यांचा रत्नगर्भ थर वर काढतात आणि टोपल्यांत घोळून धुतात. गढूळ पाणी वाहून गेलं की तळाशी राहिलेल्या खड्यांत एखादा डोळा उघडलेला असतो.

पुराणातल्या त्याच रत्नपरीक्षेत महानीलाची एक कसोटी सांगितली आहे: जो खडा आपल्या वजनाच्या शंभरपट दुधात ठेवला असता ते सारं दूध निळं दिसू लागतं, तो महानील. आज हा प्रयोग कुणी करणार नाही. पण त्यामागची अपेक्षा पाहावी, कारण नीलमाच्या सौंदर्याचं मर्म त्या अपेक्षेत आहे. रंग खड्यात नुसता असून भागत नाही, तो बाहेर यावा लागतो, भोवतालाला लागावा लागतो. पुष्कळ नीलम रंगानं श्रीमंत असतात, पण तो रंग आतल्या आत ठेवून बसतात. त्यांचं वजन भरतं, किंमत भरते, आणि बोटावर मात्र एक काळा ठिपका दिसतो.

हा रंग येतो कुठून, हे समजलं की आनंद आणखी गहिरा होतो. नीलम म्हणजे कुरुविंद, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक; आणि अगदी शुद्ध कुरुविंदाला रंगच नसतो. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की माणिक होतं, आणि लोह व टायटॅनियम यांचे अंश शेजारी येऊन बसले की नीलम. प्रकाश आत शिरतो तेव्हा लोहाकडचा एक इलेक्ट्रॉन टायटॅनियमकडे उडी घेतो, त्या उडीची किंमत प्रकाशातल्या पिवळ्या-तांबड्या भागातून चुकती होते, आणि जे उरतं ते निळं होऊन आपल्याकडे परत येतं. म्हणजे ज्याला आपण मोहून पाहतो तो रंग स्फटिकात मिसळलेल्या परक्या कणांचा आहे, आणि माणिक नि नीलम ही सख्खी भावंडं आहेत.

आता याच उडीतून नीलमाची खरी कसोटी निघते. दिवसाच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, म्हणून दुपारी बहुतेक नीलम देखणे दिसतात. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र झोतांखाली तर प्रत्येकच खडा खुलतो. पण निरांजनाच्या ज्योतीत किंवा घरातल्या पिवळ्या दिव्यात निळा भाग थोडा आणि पिवळा-तांबडा पुष्कळ. जो पुष्कळ आहे तो नीलम गिळतो, जो थोडा आहे तेवढाच परत देऊ शकतो. आणि मग गडद खडे शाईसारखे काळवंडतात, काहींत जांभळट छटा चढते, आणि मोजकेच खडे असे निघतात की जे दिव्याखालीही निळेच राहतात. वाढदिवसाच्या अंगठीचं आयुष्य बहुतांशी संध्याकाळी असतं, हे आपण विसरून चालणार नाही. ती घातली जाणार लग्नाच्या स्वागत-समारंभात, दिवाळीच्या ओवाळणीत, मुलं झोपल्यावर दोघांनी बसून घेतलेल्या उशिराच्या जेवणात. खिडकीतला राजा निवडून त्याला रात्रीच्या जेवणाला बसवलं तर तो गप्प राहील.

खड्याला पैलू पाडणाऱ्याची कलाही इथेच पाहावी. नीलम दोन दिशांनी दोन रंग दाखवतो: स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेने पाहिलं तर जांभळट निळा, आडव्या दिशेने पाहिलं तर हिरवट निळा. कुशल कारागीर दगड फिरवून फिरवून पाहतो आणि वरचं सपाट अंग असं योजतो, की समोरून बघणाऱ्याला पहिला, राजस रंग मिळावा. शिवाय रंग स्फटिकात सगळीकडे सारखा पसरलेला नसतोच. तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो, कधी कधी एका कोपऱ्यातच साचलेला असतो. सिलोनच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, काही खड्यांत खालच्या टोकापाशी तेवढा एक निळा अंश असतो आणि बाकीचा देह जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ. पण पैलू इतके नेमके बसलेले असतात, की वरून पाहताना तो इवला अंश प्रत्येक पैलूत परावर्तित होऊन सगळा खडा काठोकाठ निळा भरतो. असा खडा चिमट्यात धरून आधी समोरून आणि मग कडेने पाहावा. कडेने रंग अचानक नाहीसा होतो, समोर आणला की भरून येतो. यात मला फसवणूक दिसत नाही. दगड कसा आहे हे ओळखून त्याच्याकडून त्याचं उत्तमातलं उत्तम काढून घेणं, ही या हाताची विद्या आहे. उलट उथळ कापलेल्या खड्याच्या मधोमध एक फिकं भोक दिसतं, तिथून प्रकाश परत न येता निसटून जातो. असा खडा छापील कागदावर पालथा न घालता सरळ ठेवला, तर त्याच्यातून अक्षरं वाचता येतात. ज्याच्यातून वाचता येतं तो सोडून द्यावा.

दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं की आणखी एक जग उघडतं. काही नीलमांत रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया असतात, केसाहून बारीक, साठ अंशांचे कोन साधत एकमेकींना छेदणाऱ्या. जाणकार त्यांना रेशीम म्हणतात. हे रेशीम दाट असेल आणि खडा घुमटाकार घासलेला असेल, तर एका दिव्याखाली त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. विरळ असेल तर खड्याचा उजेड मऊ होतो. काश्मीरच्या नीलमांची जी मखमल जगभर नावाजली जाते, ती अशाच डोळ्यांना वेगळ्या न दिसणाऱ्या कणांची देणगी आहे. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि रंगाची धार न बोथटता तिला एक ऊब येते. किश्तवाडच्या पाडर भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,500 मीटर उंचीवर, 1880च्या दशकाच्या आरंभी दरड कोसळून या नीलमांची खाण उघडी पडली आणि त्याच दशकात तिचा बहर ओसरलाही. ते खडे आज लिलावांत आणि संग्रहांत भेटतात. आपल्यासारख्यांना त्यांच्याकडून नजर तेवढी घेता येते, आणि ती पुष्कळ आहे.

बाजारातले बरेचसे नीलम तापवलेले असतात. दीड हजार अंश सेल्सिअसच्या वरच्या भट्टीत रेशीम विरघळतं, रंग खुलतो, खडा निवळतो. 1970च्या दशकापासून सिलोनचे दुधी, निस्तेज ‘गेउडा’ दगड थायलंडच्या भट्ट्यांतून निळे होऊन बाहेर पडू लागले. ही रीत मान्य आहे आणि रंग टिकाऊ असतो. सांगून विकला तर त्यात काही गैर नाही. कारखान्यात घडवलेला नीलम मात्र वेगळा: त्याच्या जुन्या, ज्योतीत वितळवून केलेल्या प्रकारात रंगाच्या रेषा वळलेल्या असतात, तर भूगर्भात वाढलेल्या खड्यात त्या सरळ चालतात आणि कोन करून वळतात. माझं मत विचाराल, तर निर्दोष आणि गडद खड्यापेक्षा न तापवलेला, मध्यम निळा, आत रेशमाचा एखादा धागा जपून असलेला खडा मी कधीही पसंत करीन. तो धागा त्याच्या जन्माची खूण आहे, आणि दिव्याखाली तोच उजेडाला धरून ठेवतो.

आपल्याकडे नीलमाचं नाव काढलं की शनी आठवतो. नीलम सगळ्यांना लाभत नाही, तो आधी उशाशी ठेवून पाहावा, शनिवारी मध्यमेत घालावा, हे घराघरांतून ऐकलेलं असतं. ही भीती हसून उडवून लावू नये. जिला अंगठी द्यायची तिच्या मनात किंतु असेल तर सुंदरातला सुंदर खडाही तिच्या बोटावर परका राहील. म्हणून आधी तिला विचारावं, मोकळेपणानं. वाढदिवसाची अंगठी बहुधा अनामिकेत जाते, आणि हस्तसामुद्रिकात ते बोट सूर्याचं.

उरलं कोंदण. कालिदासानं मेघदूतात चर्मण्वतीवर वाकलेला मेघ आकाशातून पाहिला, आणि नदीचा पांढरा प्रवाह त्याला मोत्यांचा सर दिसला, मधोमध टपोरा इंद्रनील. निळ्याला भोवती पांढरं हवं, ही जाण इतकी जुनी आहे. 1981 साली ब्रिटिश राजघराण्यातल्या डायनाच्या बोटात गेलेली अंगठी, 12 कॅरटचा सिलोनी नीलम आणि भोवती 14 हिरे, जी 2010 पासून तिची सून घालते, ती हेच सांगते. तरी गव्हाळ हातावर पिवळ्या सोन्यातला एकटा नीलम मला अधिक भावतो. सोन्याचा पिवळा आणि खड्याचा निळा एकमेकांना उठाव देतात. जो हात कणीक मळतो, भांडी विसळतो, बसमध्ये दांडा धरतो, त्याच्यासाठी खडा बुटका बसवलेला असावा, कडेनं सोन्याची सलग पट्टी असावी. नीलमाची कठिणता 9, त्याच्यावर फक्त हिरा. रोज वापरला तरी तो झिजणार नाही, हिऱ्यांच्या डबीत मात्र त्याला टाकू नये. आणि नीलम हिऱ्याहून जड असतो, म्हणून एका कॅरटचा नीलम एका कॅरटच्या हिऱ्यापेक्षा लहान दिसला तर बिचकू नये.

तेव्हा दुकानात चार वाजता जा. पुडीतले खडे आधी दारातल्या उजेडात पाहा, मग सराफाला आतले झोत बंद करून एक साधा पिवळा दिवा लावायला सांगा. चांगला सराफ यावर रागावत नाही, खूश होतो. दोन खड्यांत मन अडकलं तर दिव्याखाली जो निळा राहिला तो घ्या, दुसरा मोठा असला तरी. आणि खडा तापवलेला आहे की नाही, हे प्रयोगशाळेच्या दाखल्यावर पाहून पावतीवरही लिहून घ्या.